‘हाय’ला किती वेळात उत्तर द्यायचे?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पस्तिशीच्या असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमच्या लीड आहेत. हाताखाली सहा जण आहेत आणि क्लायंट शिकागोचा आहे. कामाचे बोलणे टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवर चालते; शिवाय व्हॉट्सॲपवर टीमचा, प्रोजेक्टचा आणि नव्या मॅनेजरनी काढलेला असे तीन ग्रुप आहेत. हे मॅनेजर रात्री साडेनऊच्या सुमारास नुसते ‘हाय’ लिहून थांबतात आणि पुढे काय येणार या विचाराने पत्रलेखिकांचा हातातला घास हातातच राहतो. मुलाचा अभ्यास घेतानाही पालथा ठेवलेला फोन त्या सारखा उचलून पाहतात. गेल्या अप्रेझलमध्ये ‘तत्पर प्रतिसाद’ हा त्यांचा पहिला गुण म्हणून नोंदला गेला. मात्र गेल्या महिन्यात एका मीटिंगमध्ये बसल्या बसल्या क्लायंटच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी घाईत जुन्या बिल्डचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आधीच्या आवृत्तीचा, रिपोर्ट जोडला आणि दुसरा सगळा दिवस ते निस्तरण्यात गेला. नवऱ्याचा सल्ला, घरी आल्यावर फोन बंद करून टाक. ऑफिसमधल्या मैत्रिणीचा सल्ला, ग्रुप म्यूट कर, निळ्या टिका घालव, कुणाला पत्ता लागत नाही. पत्रलेखिका विचारतात: उत्तराला उशीर केला तर मी कामचुकार ठरेन का, आणि हे असेच चालायचे असेल तर प्रोजेक्ट बदलून मागावा का? पत्राच्या शेवटी त्यांनी हेही लिहिले आहे की रात्री अकराला काही आठवले तर त्या स्वतः ज्युनियर मंडळींना मेसेज टाकून ठेवतात, ‘विसरायला नको म्हणून, त्यांनी लगेच उत्तर द्यावे अशी माझी मुळीच अपेक्षा नसते’.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. रात्री अकराच्या मेसेजला लगेच उत्तर मिळावे अशी तुमची अपेक्षा नसते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हे त्या मुलामुलींना तुम्ही कधी बोलून दाखवले आहे का? आणि मॅनेजर साडेनऊला ‘हाय’ लिहितात तेव्हा त्यांना पाच मिनिटांत उत्तर हवे असते, असे त्यांनी तुम्हाला कधी सांगितले आहे का? तुमचे पत्र मी या प्रश्नासाठी पुन्हा वाचले. त्यात उशिरा उत्तर दिल्याबद्दल कुणी बोलल्याचा, निदान नाराजी दाखवल्याचा, एकही प्रसंग नाही. ज्या नियमाच्या धाकाने तुमचा फोन हातातून सुटत नाही, तो नियम नक्की कुणी घातला हे तुम्हालाही ठाऊक नसावे, अशी मला शंका आहे.

अशी अवस्था तुमच्या एकटीची नाही. लॉरा जुर्जे आणि व्हनेसा बोन्स या संशोधिकांनी २०२१ मध्ये ऑफिसच्या ईमेलबद्दल एकूण आठ अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे चार हजार जण सहभागी होते. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या आणि तातडी नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला जेवढ्या लवकर उत्तर हवे असते, त्याहून बरेच लवकर हवे आहे असे मेल मिळणारा धरून चालतो, आणि त्या समजुतीपायी त्याचा ताण वाढतो, असे त्यांना आढळले. पाठवणाऱ्याने ‘घाई नाही, सवडीने कळवा’ अशा अर्थाची एक ओळ जोडली की ही तफावत कमी होत होती. तुम्ही तर या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना रोज उभ्या असता: साडेनऊला मेसेज येतो तेव्हा तुम्ही घाबरता आणि अकराला तुमचा मेसेज जातो तेव्हा कुणीतरी दुसरे घाबरते.

ईमेलपेक्षा चॅट अधिक अंगावर येते, हे मात्र मान्य केले पाहिजे. ईमेल कुणी उघडली हे सहसा दिसत नाही. चॅटमध्ये हिरवा ठिपका दिसतो, निळी टिक दिसते, समोरचा टाइप करतो आहे हेही दिसते. त्यामुळे उत्तर न देणे ही आपण उघडपणे केलेली कृती वाटू लागते. ऑनलाइन दिसणे आणि काम करणे यांतला फरक पुसला गेल्यामुळे, संगणकाचा माउस आपोआप हलता ठेवून ठिपका हिरवाच राखणारी उपकरणे विकत मिळू लागली आहेत; ज्या ऑफिसांत त्यांना गिऱ्हाईक मिळते तिथल्या कामाबद्दल वेगळे काही बोलायला नको.

आता अप्रेझलमधल्या शेऱ्याकडे वळू, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. ‘तत्पर प्रतिसाद’ हे कौतुक तुम्हाला साहजिकच सुखावून गेले आणि तेव्हापासून तुम्ही ते जपत आला आहात. पण टेस्टिंगच्या लीडने कशासाठी नावाजले जावे? एखादा डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, दहापैकी दोनदाच दिसतो, बाकीच्या वेळी सगळे सुरळीत चालते. तो नेमका कोणत्या क्रमाने कोणती बटणे दाबल्यावर उगवतो हे शोधताना लॉगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या नोंदींच्या, शेकडो ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात आणि त्या वेळी तीन-चार शक्यता एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात. तेवढ्यात कोपऱ्यात मेसेज उमटतो, तुम्ही चाळीस सेकंदांत ‘हो, पाहते’ लिहून परत येता आणि कुठल्या ओळीवर होतो हे आठवत नाही. संशोधिका सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि त्याने दुसरे काम बिघडते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगाचा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो: सतत व्यत्यय आलेल्या लोकांनी काम कमी वेळात उरकले खरे, पण त्यांचा ताण आणि वैताग बराच जास्त होता. म्हणजे व्यत्ययाची भरपाई माणूस करतो, पण ती स्वतःला दामटून करतो. जुन्या बिल्डचा रिपोर्ट क्लायंटला गेला तो तुमच्या निष्काळजीपणामुळे, असे तुम्ही लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. तुमची मीटिंग चालू असताना तुम्ही क्लायंटला उत्तर देत होता आणि त्या उत्तराची घाई क्लायंटने केली होती असे पत्रात कुठेही नाही. ते उत्तर तासाभराने पण बरोबर गेले असते तर कुणाचेच काही अडले नसते.

नवऱ्याचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तुमच्या बाबतीत तो फारसा उपयोगी पडणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन आठवड्यांच्या एका प्रयोगात २३७ जणांच्या फोनवरील सूचनांचे (नोटिफिकेशनचे) वेळापत्रक बदलून पाहण्यात आले होते. ज्यांना सूचना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळत होत्या त्यांचे लक्ष, मनःस्थिती आणि फोनवरची पकड सुधारली. मात्र ज्यांच्या सूचना पूर्णपणे बंद केल्या होत्या त्यांची बेचैनी उलट वाढली. बंद फोन समोर ठेवून जेवताना तुमचेही तेच होईल.

मैत्रिणीच्या सल्ल्यातली अडचण वेगळी आहे. एक तर तो अर्धाच लागू पडतो, कारण व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपमध्ये कुणी वाचले हे दिसतच राहते. दुसरे असे की गुपचूप म्यूट केल्याने समोरच्याला नवी काहीच माहिती मिळत नाही. काल पाच मिनिटांत उत्तर देणारी बाई आज दोन तास गप्प का, याचा अर्थ तो आपल्या मनाने लावणार, आणि तो तुमच्या बाजूने लावील याची खात्री नाही. तुम्हाला भीती आहे ती कामचुकार ठरण्याची. न सांगता गप्प राहणे हा तसे ठरण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. तेव्हा उत्तराची वेळ तुम्ही ठरवा आणि ती आधी सांगून टाका, एवढेच माझे म्हणणे आहे. खाली जे लिहिते आहे ते सगळे ही वेळ कशी ठरवायची आणि कशी सांगायची याबद्दलच आहे.

त्यासाठी आधी मॅनेजरचे ‘हाय’ साडेनऊलाच का येते ते पाहू. शिकागो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, साडेअकरा तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे अकरा किंवा दहा वाजलेले असतात, म्हणजे क्लायंटची सकाळची बैठक नुकतीच आटोपलेली असते. माझा अंदाज असा की तुमच्या मॅनेजरना त्या बैठकीत काहीतरी विचारले जाते, उत्तर त्यांच्यापाशी नसते आणि ते तुमच्याकडे वळतात. हा अंदाज बरोबर असेल तर उपाय संध्याकाळीच करता येतो. सहा-साडेसहाला, क्लायंटचा दिवस उगवण्याआधी, त्यांना पाच-सहा ओळी पाठवून ठेवा: आज कोणत्या बिल्डवर काय तपासले, किती डिफेक्ट उघडे आहेत, त्यांतले गंभीर कोणते, आम्ही कुणाच्या उत्तरासाठी थांबलो आहोत, उद्या काय हाती घेणार. ईओडीचा, म्हणजे दिवसअखेरीचा, मेल तुम्ही पाठवत असालच; पण क्लायंट काय विचारील हे डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला जातो का, हे पाहा. विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. आठवडाभर ते टिपून ठेवलेत तर मॅनेजरना ‘हाय’ लिहिण्याची गरजच किती वेळा पडते, हे तुम्हाला दिसेल.

आणि मग त्यांच्याशी बोला. चॅटवर नको, समोर बसून किंवा फोनवर, आणि तक्रार मांडल्याच्या सुरात नको. साधारण असे म्हणता येईल: ‘सर, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मी मुलाकडे आणि घरात असते, त्या वेळात मी मेसेज पाहत नाही. साडेनऊनंतर एकदा सगळे पाहते. उद्यावर टाकता येणार नाही तेवढे तेव्हाच करते, बाकीचे सकाळी दहापर्यंत. मध्येच रिलीज अडले किंवा प्रॉडक्शनमध्ये काही बंद पडले तर मला सरळ फोन करा, मी उचलीन.’ या बोलण्यात तुम्ही परवानगी मागत नाही आणि नकारही देत नाही. कुठल्या वेळी कुठल्या मार्गाने तुम्ही सापडाल, एवढेच सांगता. यावर बहुतेक मॅनेजर ‘बरं’ म्हणून मोकळे होतात. काही जण म्हणतील की मला तर केव्हाही लागू शकते. तेव्हा वाद न घालता मागच्या महिन्यातले दोन-तीन मेसेज दोघांनी मिळून पाहावेत आणि त्यांतला कोणता खरोखर सकाळपर्यंत थांबला नसता, हे त्यांनाच विचारावे.

‘हाय’बद्दल वेगळे सांगते, कारण हा त्रास अनेक वाचकांना असणार. नुसते ‘हाय’ पाठवणे म्हणजे दाराची बेल वाजवून मुकाट्याने उभे राहणे. आत कामात असलेल्या माणसाला उठून दार उघडल्याशिवाय कोण कशाला आले ते कळत नाही. पाठवणाऱ्याच्या मनात बहुतेकदा निव्वळ सौजन्य असते. एकदम कामाचे कसे विचारायचे, म्हणून तो आधी साद घालतो. त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही. ‘नमस्कार सर, काय हवे ते लिहून ठेवा, म्हणजे मी पूर्ण माहिती घेऊनच उत्तर देईन’ असे दोन-चार वेळा नेमाने लिहिले की बऱ्याच लोकांची सवय बदलते. ज्यांची बदलत नाही त्यांच्या ‘हाय’ला ठरलेल्या वेळीच उत्तर द्यावे. ज्या मेसेजमध्ये प्रश्नच नाही त्याला तातडी चिकटवण्याचे काम आपण करू नये.

तांत्रिक सोयी याच्यानंतर येतात. आधी त्या लावल्या आणि बोलणे राहून गेले, तर गाडी पुन्हा मैत्रिणीच्या सल्ल्यावर येते. मोबाइलवरच्या टीम्समध्ये शांततेचे तास आणि दिवस ठरवता येतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावूनही निवडक माणसांचे मेसेज येऊ देता येतात, तेव्हा मॅनेजरना त्या यादीत ठेवायचे का याचा निर्णय तुमचा. टीम्समध्ये ‘अर्जंट’ असा शिक्का मारून पाठवलेला मेसेज, तो वाचेपर्यंत वीस मिनिटे दर दोन मिनिटांनी सूचना देत राहतो. ही सोय कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही, हे टीममध्ये एकदा ठरवून घ्या, नाहीतर चहाला कोण येतेय हेसुद्धा अर्जंट होऊन बसते. व्हॉट्सॲपचे ग्रुप ‘अर्काइव्ह’मध्ये टाकले तर कुणी तुमचे नाव घेतल्याशिवाय किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिल्याशिवाय ते वर डोके काढत नाहीत. आणि फोन शांत ठेवला तरी अँड्रॉइडवर त्याच माणसाचा पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला, किंवा आयफोनवर तीन मिनिटांत आला, तर तो वाजू देण्याची सोय असते. म्हणून टीमला ‘खरी अडचण असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा’ असे सांगून ठेवता येते. प्रोजेक्टचे बोलणे व्हॉट्सॲपवर कशाला, हाही प्रश्न एकदा विचारून पाहा; क्लायंटची माहिती तिथे जाणे बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, आणि तीनपैकी दोन ग्रुप बंद करायला हे कारण पुरेसे आहे.

आता तुमच्या ज्युनियर मंडळींविषयी. रात्री आठवले ते लिहून ठेवायला हरकत नाही, पण टीम्समध्ये मेसेज पाठवण्याची वेळ लावून ठेवता येते. तो सकाळी साडेनऊला जाऊ द्या. ज्यांच्या नोकरीला अजून वर्षही झालेले नाही ती मुले ‘मॅडमना घाई नसते’ असा अर्थ आपणहून लावणार नाहीत. सहा जणांना एकत्र बसवून त्यांच्याकडून काय अपेक्षा आहे आणि काय नाही, हे स्पष्ट सांगा. आणखी एक सुचवते. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ सक्तीने मोकळी दिली होती, सहानंतर काम नाही आणि मेल पाहणेही नाही. क्लायंटला चोवीस तास सेवा देणाऱ्या त्या लोकांचा आधी विरोध होता. पण कुणाची संध्याकाळ मोकळी आहे हे आधीच ठाऊक असल्याने त्यांना एकमेकांचे काम समजून घ्यावे लागले, टीममधले बोलणे सुधारले आणि क्लायंटचे काही बिघडले नाही. सात जणांच्या टीममध्ये रोज संध्याकाळी एकाने क्लायंटकडे लक्ष ठेवायचे आणि बाकीच्यांनी खुशाल घरी असायचे, अशी पाळी सहज लावता येईल. रिलीजच्या आठवड्यात ही पाळी मोडेल. मोडू द्या, तो आठवडा संपला की पुन्हा सुरू करा.

कायद्याचे तुम्ही विचारलेले नाही, पण विचारणारी पत्रे येतात, म्हणून थोडक्यात सांगते. कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे; तिथे पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे असा कायदा नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी (मंत्री नसलेल्या खासदाराचे) विधेयक मांडले होते आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. परंतु १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत संमत झालेले नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. मला ऑस्ट्रेलियाचा २०२४ चा कायदा त्यातल्या तपशिलामुळे उपयुक्त वाटतो. मालकाने संपर्क करू नये असे तो म्हणत नाही. कर्मचाऱ्याने उत्तर नाकारणे वाजवी होते की नाही, एवढेच तो पाहतो. त्यासाठी संपर्काचे कारण काय होते, त्याने किती व्यत्यय आला, अशा उपलब्धतेचा वेगळा मोबदला मिळतो का, हुद्दा आणि जबाबदारी काय आहे, घरच्या जबाबदाऱ्या काय आहेत, हे विचारात घेतले जाते. कायदा आपल्याला लागू नसला तरी हे प्रश्न लागू आहेत. तुम्ही लीड आहात, तुमचा पगार त्या हुद्द्याचा आहे, तेव्हा रिलीजच्या रात्री आलेला फोन वाजवी. तोच फोन तुमच्या टीममधल्या शिकाऊ मुलीला आला तर तितका वाजवी नाही.

जे वाचक कंत्राटावर किंवा प्रोबेशनवर आहेत, किंवा शाळा, आरोग्य केंद्र, बँक अशा ठिकाणी आहेत आणि ज्यांच्या ग्रुपवर वरिष्ठांकडून दुपारी चारला ‘आज सायंकाळी ५ पर्यंत माहिती सादर करावी’ असा मेसेज येतो, त्यांना वरच्यासारखे मोकळे बोलणे परवडेलच असे नाही. त्यांनी एकट्याने बोलू नये. चार-पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांना किंवा शाखाप्रमुखांना एवढेच सुचवावे की माहिती मागवणारे मेसेज दिवसातल्या एका ठरावीक वेळी एकत्र टाकावेत आणि शुभेच्छा, फोटो, सत्काराच्या बातम्या यांसाठी वेगळा ग्रुप असावा. ही मागणी वरिष्ठांच्याही सोयीची असल्याने मान्य होण्याची शक्यता बरी असते.

राहता राहिला प्रोजेक्ट बदलण्याचा प्रश्न. सध्या तरी मागू नका. तुम्ही अजून मॅनेजरशी बोललेलाच नाही आहात, आणि क्लायंट अमेरिकेचाच असेल तर नव्या प्रोजेक्टमध्येही रात्री हेच मेसेज येतील. एक पूर्ण रिलीज होईपर्यंत ठरवल्याप्रमाणे वागून पाहा, आणि बोलणे झाल्यावर त्याचा सारांश मॅनेजरना एका छोट्या मेलने कळवून ठेवा. पुढच्या अप्रेझलला जाताना किती डिफेक्ट क्लायंटकडे पोहोचण्याआधी तुमच्या टीमने पकडले, याचे आकडे घेऊन जा आणि ते शेऱ्यात यावेत असा आग्रह धरा. एवढे करूनही उत्तराला दोन तास लागले म्हणून कमी गुण मिळाले, तर प्रोजेक्ट जरूर बदलून मागा; त्या वेळी कारण म्हणून दाखवायला तो मेल आणि ते आकडे तुमच्या हातात असतील.